स्वतःच्याच वर्गाविरुद्ध साक्ष



इ.स.पूर्व ४२४ च्या हिवाळ्यात अथेन्सचा एक सेनानी सात गलबते घेऊन अँफिपोलिस वाचविण्यास निघाला. तो पोहोचण्यापूर्वीच ते शहर स्पार्टाच्या हाती गेले आणि या अपयशापायी त्याला वीस वर्षांची हद्दपारी भोगावी लागली. त्या हद्दपारीने जगाला एक इतिहासकार दिला. त्याचे नाव थ्युसिडिडीस. दोन्ही पक्षांच्या माणसांकडून त्याने माहिती मिळविली, साक्षी पडताळल्या आणि देवांचा कोप बाजूस ठेवून युद्धाची कारणे माणसांच्या व्यवहारात शोधली. अथेन्सचे वाढते सामर्थ्य व त्यामुळे स्पार्टाला वाटणारी भीती हेच युद्धाचे खरे कारण, असे तो सांगतो. त्या सामर्थ्याचा हिशेबही तो देतो: मांडलिक नगरांची खंडणी दरसाल सुमारे ६०० टॅलंट, खजिन्यात नाणी ६००० टॅलंट. एक टॅलंट म्हणजे सुमारे २६ किलो चांदी.

असा हिशेबी, स्वतः राज्यकारभारात मुरलेला लेखक करवीरच्या भूमीतही होऊन गेला, याची आठवण येथे अप्रस्तुत ठरू नये. रामचंद्रपंत अमात्य बावडेकर हे शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत होते. १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, राजाराम महाराज जिंजीकडे गेले आणि इकडील मुलखाचा भार 'हुकूमतपन्हा' या किताबासह पंतांवर आला. औरंगजेबाच्या फौजांशी झुंजत राज्य टिकविणाऱ्यांत त्यांची गणना होते. १७१५ च्या सुमारास, करवीरच्या गादीवर दुसरे संभाजी असताना, आयुष्याच्या अखेरीस त्यांनी सिद्ध केलेला ग्रंथ म्हणजे 'आज्ञापत्र'. त्याच्या आरंभी स्वराज्याचा वृत्तान्त आहे. पुढे राजा, सावकार, वतनदार, दुर्ग आणि आरमार यांविषयीची राजनीती आहे.

आरमारासाठी रयतेची आंब्या-फणसाची झाडे तोडू नयेत. जीर्ण झाड हवेच असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, हा त्यातील उपदेश व्याख्यानांतून आवडीने सांगितला जातो. वतनदारांचे प्रकरण मात्र तितक्या आवडीने सांगितले जात नाही. वतनदार हे वस्तुतः लहान लहान राजेच. बळ वाढविणे, शेजाऱ्याचे बळकाविणे आणि परचक्र येताच वतनाच्या लोभाने शत्रूला जाऊन मिळणे ही त्यांची रीत, असे पंत बजावतात. त्यांना मोकळे सोडू नये व एकाएकी बुडवूही नये, असा त्यांचा तोल आहे. सेवकाला बक्षीस द्यावे, पण राज्याच्या उत्पन्नातून वंशपरंपरेची वृत्ती देऊ नये. अशाने राज्य क्षीण होते, हेही ते सांगतात.

हे शहाणपण पोथीतून आलेले नव्हते. मोगल वतनांचे आमिष दाखवीत होते. माणसे राखण्यासाठी मराठी राज्यालाही वतने व इनामे द्यावी लागली, आणि ती देणाऱ्या कारभारात पंत स्वतः होते. बावड्याची जहागीर त्यांच्याच घराण्यात चालली. तिकडे थ्युसिडिडीसही थ्रेसमधील सोन्याच्या खाणींचा हक्कदार होता, आणि तसे त्यानेच नमूद केले आहे. २०,००० हून अधिक गुलाम अथेन्समधून पळाले ही नोंद तो करतो; पण ती अथेन्सची हानी म्हणून. त्या गुलामांना काय वाटले, हे तो विचारीत नाही. पंतही रयतेची कणव बाळगतात. पण रयत त्यांच्या ग्रंथात बोलत नाही.

म्हणून असे ग्रंथ टाकून द्यावयाचे काय? मुळीच नाही. लेखकाचा हितसंबंध कोठे आहे हे आधी पाहावे. आणि त्या हितसंबंधाविरुद्ध तो जेथे बोलतो तेथे अधिक लक्ष द्यावे. वतनाने राज्य पोखरले जाते, ही साक्ष एखाद्या गांजलेल्या कुळाने दिली असती तर ती तक्रार म्हणून बाजूस सारली गेली असती. ती एका जहागीरदार अमात्याने दिली आहे; तिला उत्तर देणे कठीण आहे.

तरीही निव्वळ साक्षीने व्यवस्था मोडत नाही. याच करवीर राज्यात १९१८ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कुलकर्णी वतने बरखास्त करून पगारी तलाठी नेमले व महार वतनाच्या बेडीतून माणसे मोकळी करण्याचे पाऊल टाकले. मुंबई राज्यात परगणा व कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा १९५० मध्ये आणि कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला. आज्ञापत्रातील इशाऱ्यानंतर त्याला सव्वादोनशेहून अधिक वर्षे लागली. कारण ज्यांना इशारा कळत होता त्यांच्याच घरी वतने होती. सार्वजनिक उत्पन्नावर वंशपरंपरेचा हक्क सांगणारे जेथे जेथे आढळतात, तेथे आज्ञापत्राचे ते प्रकरण पुन्हा उघडून वाचावे.