मैदानावरचा मुकादम



या व्यासपीठावर मोठमोठी विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. मी विद्वान नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटाने आणि कामगारांच्या सभांनी केले. मुलांना खेळ कसा शिकवावा, यावर मी बोलावे याला कारण एवढेच की, गेली वीस वर्षे संध्याकाळी चाळीमागच्या मैदानावर मी मुलांना कबड्डी शिकवतो. त्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगितल्यावाचून पुढे बोलण्याचा मला अधिकार नाही.

कबड्डीत किशोर गटाला वयाची १६ वर्षे आणि वजनाची ५५ किलो अशी मर्यादा असते. हेतू चांगला आहे. थोराड पोराने किरकोळ पोराला चेंगरू नये. एका स्पर्धेच्या दोन दिवस आधी आमचा चढाईचा हुकमी मुलगा ५७ किलो भरला. मी म्हणालो, "दोन दिवस जेवू नकोस, पाणी बेताने पी, स्वेटर घालून धाव." वजन उतरले. आम्ही खूश! दुसऱ्या डावात तो चढाईहून परतत होता. कोणाचा हातही लागला नव्हता, आणि मध्यरेषेपाशी तो कोसळला.

दवाखान्यात त्याला सलाईन लावले. त्याची आई कारखान्यात कामाला. आमच्याच युनियनची सभासद. ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "भाऊ, कारखान्यात आमच्याशी असं कुणी वागलं असतं, तर तुम्ही गेटवर झेंडा लावला असता."

बंधुभगिनींनो, मी निरुत्तर झालो. आयुष्यभर मुकादमांशी भांडलो आणि मैदानावर स्वतःच मुकादम झालो! मुकादम माल मोजतो, माणूस मोजत नाही. मी चषक मोजत होतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाच तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाची विश्रांती बांधून दिली. त्यामागे कामगारांच्या कित्येक वर्षांच्या चळवळी होत्या. पोरांची युनियन नसते. त्यांच्या वतीने शिक्षकानेच बोलायचे असते.

कोणी म्हणेल, खेळावर नोकरी मिळते, तेव्हा थोडे सोसायलाच हवे. या बोलण्याला मी हसत नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि पुढे गिरण्याच बंद पडत गेल्या. अशा घरांत रेल्वे, पोलीस किंवा बँकेच्या संघातली जागा म्हणजे चूल पेटण्याची आशा. २०१४ पासून व्यावसायिक लीगचा पैसाही दिसू लागला. पण हिशेब करा. मैदानात सात आणि राखीव पाच, एवढाच संघ. आमच्या मैदानावर शेकडो मुले येऊन गेली. खेळावर नोकरीला लागलेली बोटांवर मोजावीत. उरलेल्यांनी मैदानावरून काय न्यायचे? मोडका गुडघा?

आता आम्ही काय करतो ते सांगतो. पहिला महिना फक्त पडायला आणि धरायला शिकवतो. पट काढताना डोके चढाईपटूच्या गुडघ्यासमोर न ठेवता बाजूला ठेवायचे, हे अंगवळणी पडेपर्यंत पूर्ण जोराची पकड नाही. वजन दर महिन्याला करतो. वाढले तर मुलगा वरच्या गटात खेळेल, नाहीतर त्या वर्षी बसेल, पण उपाशी राहणार नाही. यापायी आम्ही दोन स्पर्धा हरलो आहोत. सरावाच्या प्रत्येक सामन्यात राखीव पाचही खेळतात. चूक सांगायची तर एका वेळी एक, आणि बाजूला घेऊन, आईबापांदेखत नाही.

परक्या देशाचे एक उदाहरण देतो. पण माणूस आपलाच आहे. २०१८ साली जाकार्ता येथे आशियाई स्पर्धेत इराणच्या मुलींनी अंतिम सामन्यात भारताला २७–२४ असे हरवले. त्यांच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. त्या मुलींशी बोलता यावे म्हणून बाई फारसी शिकल्या. हरल्याचे दुःख आपल्याला झाले खरे. पण शिकवणाऱ्याने आधी शिकणाऱ्याची भाषा शिकावी, हा धडा त्यात आहे. आमच्या पोरांची भाषा मराठीच आहे, तरी मला ती ऐकू येत नव्हती. "काका, चक्कर येते," असे तो मुलगा सकाळीच म्हणाला होता.

तो पुढे स्पर्धेत उतरला नाही. आज वायरमन आहे. मधूनमधून मैदानावर येतो आणि लहान पोरांचे वजन तोच करतो. मी त्याला तसे कधी सांगितले नाही. वजनकाटा त्याने आपणहून हाती घेतला.

शेवटी एक विनंती. आपली मुले जिथे खेळतात तिथे एकदा तासभर उभे राहा. गुणफलक बघू नका. पाणी किती वेळा मिळते, राखीव पोरगा किती वेळ खेळतो आणि "दुखतंय" म्हणणाऱ्याला काय उत्तर मिळते, एवढे बघा. उत्तर वाईट असेल तर शिक्षकाला जाऊन विचारा. मला कोणी वेळेवर विचारले असते, तर फार बरे झाले असते.