गुणांमागील निकष



जुन्या पोथ्यांत काळ्या शाईने मजकूर लिहून झाला, की ओव्यांच्या अंकांवर गेरूचा हात फिरवीत असत. त्या तांबड्या खुणेमुळे वाचकास वाट सापडे. 'रुब्रिक' हा शब्दही तांबड्या मातीच्या लॅटिन नावावरूनच आलेला आहे. विद्यार्थ्याचे काम कशावरून पारखले जाईल, हे आधीच सांगणाऱ्या तक्त्यास आज विद्यापीठांत हे नाव दिले जाते. मराठीत त्यास निकष-तक्ता म्हणता येईल.

गोवा विद्यापीठाची स्थापना १९८५ साली झाली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून गोव्यातील पदवी अभ्यासक्रमांची फेररचना २०२३-२४ पासून सुरू झाली. विषय शिकून विद्यार्थ्यास काय करता आले पाहिजे, ती 'अध्ययन निष्पत्ती' अभ्यासक्रमात नमूद असते. परंतु नमूद करणे वेगळे आणि पारखणे वेगळे.

पेडणे तालुक्यातील विर्नोडा व डिचोली तालुक्यातील साखळी येथे शासकीय महाविद्यालये आहेत. अशा महाविद्यालयातील एखाद्या विद्यार्थिनीने आपल्या वाड्यावरील विहिरींची पाहणी केली, असे समजा. एका परीक्षकाने तिला वीसपैकी बारा गुण दिले आणि दुसऱ्याने सोळा, तर मधले चार गुण कशाचे, याचे उत्तर तिला मिळावयास हवे.

यासाठी वीस गुणांची विभागणी अशी करता येईल: प्रश्नाची मांडणी ४, माहितीचे संकलन ६, निष्कर्ष ६, भाषा ४. त्यानंतर प्रत्येक निकषाच्या पायऱ्या ठरवाव्यात. नोंदींशी मेळ नसलेल्या निष्कर्षास २ गुण. नोंदींवर आधारलेल्या, परंतु अन्य कारणे न तपासलेल्या निष्कर्षास ४. ती तपासून पाहणीच्या मर्यादाही सांगणाऱ्या निष्कर्षास ६. 'चांगले', 'साधारण' एवढ्याच शब्दांनी काम भागत नाही. कागदावर काय दिसले पाहिजे, ते लिहावे लागते.

घरी कोकणी, प्राथमिक शाळेत मराठी आणि पुढे इंग्रजी, असा प्रवास करणाऱ्या मुलांच्या दृष्टीने ही विभागणी फार मोलाची आहे. इंग्रजी वाक्य अडखळले, तर भाषेचे गुण कमी होतील. परंतु विहिरीवर उन्हात उभे राहून केलेल्या नोंदींचे मोल त्यामुळे घटणार नाही.

तक्ता काम सुरू होण्यापूर्वीच विद्यार्थ्यांच्या हाती पडावा. शिक्षकांनी प्रथम तीन-चार वह्या स्वतंत्रपणे तपासून गुण ताडून पाहावेत. तफावत आढळल्यास तक्त्याची भाषा सुधारावी. बहुतेक विद्यार्थी एकाच निकषात मागे पडत असतील, तर दोष अध्यापनात आहे काय, याचाही विचार व्हावा. केवळ तपासणीच्या फाइलीसाठी भरलेला तक्ता कोणाच्याही उपयोगाचा नाही.

गावकरी मडके घेताना ते वाजवून पाहतात. कोणता आवाज खरा, हे त्यांना ठाऊक असते. मुलांच्या शिक्षणाबाबतही पालकांनी 'किती गुण मिळाले?' एवढ्यावरच न थांबता 'ते कशाचे मिळाले?' असे विचारावे. त्या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर देता येणे, हे महाविद्यालयाचे कर्तव्य होय.