बंद दारापुढचा तरुण

वीस-बावीस वर्षांचा एखादा मुलगा परमुलखात अनोळखी दारावर थाप मारतो आणि दार उघडते न उघडते तोच मिटते. मॉर्मन पंथाच्या तरुण प्रचारकाला हा अनुभव नित्याचाच. मुलगे दोन वर्षे, मुली दीड वर्ष ही सेवा करतात. वेतन नाही, खर्च बहुधा स्वतःचा वा कुटुंबाचा. सोबतीला अष्टौप्रहर एक जोडीदार, परंतु त्याची निवड आपल्या हाती नाही. दर आठवड्यास घरी दूरध्वनी करण्याची मुभाही २०१९ साली मिळाली.

सॉल्ट लेक सिटीचा गॉर्डन हिंकली हा तरुण १९३३ साली, ऐन मंदीत, इंग्लंडमधील प्रेस्टन गावी गेला, तेव्हा तर पत्रांचाच आधार होता. परागांनी डोळे चुरचुरत. ऐकणारे कोणी भेटेना. माझा वेळ आणि तुमचा पैसा व्यर्थ जात आहे, असे त्याने वडिलांस कळविले. उत्तर त्रोटक आले. स्वतःला विसरून कामाला लाग, एवढाच त्याचा आशय. सांत्वन नव्हते, परत ये, असेही नव्हते. मुलाने गुडघे टेकून प्रार्थना केली आणि तो टिकला. १९९५ साली तोच त्या पंथाचा अध्यक्ष झाला.

सर्वांचेच असे होत नाही. काही जण प्रकृतीमुळे वा मन खचल्याने मुदतीपूर्वीच परततात आणि गावाच्या नजरा चुकवीत राहतात. दार मिटण्याचा हक्क परक्या गृहस्थाला आहेच. अर्ध्या वाटेवरून परतलेल्या मुलासाठी घरचे दार तरी उघडे असावे.