तळ्याकाठी शिबीर कशासाठी?

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



समितीने मला युवक शिबिराच्या प्रस्तावावर बोलायला सांगितले आहे. मी काही विद्वान नव्हे. गिरणीत पाळ्या करता करता जे वाचता आलं ते वाचलं, आणि जे पटलं ते वस्तीत बोलत आलो. तेव्हा भाषा खडबडीत असेल, ती सांभाळून घ्या. पण विषय महत्त्वाचा आहे, तो मात्र नीट ऐका.

प्रस्ताव असा आहे. दिवाळीच्या सुट्टीत आपल्या वस्तीतल्या चौदा ते वीस वयाच्या चाळीस मुलामुलींचे तीन दिवसांचे निवासी शिबीर घ्यायचे. ते मावळात, पवना धरणाच्या जलाशयाकाठी, भाड्याची जागा घेऊन भरवायचे. यावर समितीत दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, पोरांच्या सहलीवर विहाराचा पैसा कशाला? त्या पैशात विहाराची गच्ची दुरुस्त होईल. दुसरा म्हणतो, गच्ची पुढच्या वर्षीही दुरुस्त होईल, पण आज सोळा वर्षांचा असलेला मुलगा पुढच्या वर्षी सोळाचा राहणार नाही. मी दुसऱ्या तटाचा आहे, हे आधीच सांगतो. का, ते आता मांडतो.

बंधू-भगिनींनो, जागा भाड्याने घेणे ही आज साधी गोष्ट वाटते. फोन करायचा, अनामत भरायची, पावती घ्यायची. पण आपल्या चळवळीच्या इतिहासात जागा आणि पाणी या दोन गोष्टी कधीच साध्या नव्हत्या. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. परिषदेला आलेल्या माणसांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. गावात चवदार तळे भरलेले, आणि आपली माणसे पाणी विकत घेऊन पितात! बरे, कायद्याने तळे खुले नव्हते काय? रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांना खुले केल्याचा ठरावही केला होता. पण कागदावर उघडलेले तळे प्रत्यक्षात बंदच होते. २० मार्चला बाबासाहेबांनी स्वतः जाऊन ओंजळीने पाणी घेतले, तेव्हा ते तळे खऱ्या अर्थाने उघडले.

त्याच वर्षी डिसेंबरात सत्याग्रह परिषद भरवायची होती. मंडप घालायला महाडात स्पृश्य हिंदूंपैकी कोणी जागा देईना. अखेर फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. गावातले व्यापारी माल देणार नाहीत म्हणून शिधासामग्रीही बाहेरून आणून साठवावी लागली. त्या मंडपासमोर २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली गेली. तळ्याचा खटला पुढे दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला. पाणी पिण्यासाठी दहा वर्षे कोर्टात उभे राहावे लागले, हे आपल्या पोरांना ठाऊक आहे काय?

गिरणीतले सांगतो. आमच्या आधीच्या पिढ्यांतल्या आपल्या माणसाला मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात घेत नसत. का, तर धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे आणि आपल्या तोंडाचा विटाळ होई. त्या खात्यात मजुरी चांगली, म्हणून विटाळ जास्त! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. पाण्याचा विटाळ आणि दोऱ्याचा विटाळ, दोन्हींचे मूळ एकच.

म्हणून राज्यघटनेचे कलम १५ वाचताना मला नेहमी बरे वाटते. त्यात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांच्या बरोबरीने विहिरी, तलाव, स्नानाचे घाट यांचा उल्लेख आहे. तलाव हा शब्द देशाच्या घटनेत आला आहे, मंडळी! तो उगीच आलेला नाही. त्याच्या मागे महाड आहे. आपली मुले तळ्याकाठी बसून हे कलम मोठ्याने वाचतील, त्याचा अर्थ एकमेकांना सांगतील, तर तो धडा शाळेतल्या फळ्यापेक्षा जास्त दिवस लक्षात राहील.

आता पवनाच का? कारण तो सारा परिसर आपला वारसा आहे. धरणाच्या आसपास लोहगड, विसापूर, तिकोना, तुंग हे किल्ले आहेत, त्यांच्यासाठी लोक लांबून येतात. पण त्याच डोंगरांत भाजे, कार्ले आणि बेडसे ही तीन बौद्ध लेणी आहेत. ती दोन हजार वर्षांपूर्वीची. कार्ल्याचा चैत्य हा भारतातला सर्वांत मोठा कोरीव चैत्य. त्याच्या छताला लावलेल्या लाकडी कमानी आजही जागेवर आहेत. आणि त्या खांबांवरचे लेख पाहा. हा खांब अमक्या गावच्या अमक्याचे दान. देणाऱ्यांत व्यापारी आहेत, यवन आहेत. प्रवेशद्वाराचे काम केलेल्या सुताराचे नावही तिथे कोरलेले आहे. एकट्या राजाने लेणे कोरले असे नाही. ज्याला जे जमले ते त्याने दिले आणि लेणे उभे राहिले. आपण वर्गणीची वही घेऊन दारोदार फिरतो, त्याची काही लोकांना लाज वाटते. लाज कसली? ही दोन हजार वर्षांची रीत आहे!

आणखी एक गोष्ट, विशेषतः भगिनींसाठी. या लेण्यांत खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. बेडशाच्या एका टाक्यावर ते एका स्त्रीने दान केल्याचा लेख आहे. ज्या भूमीत एक स्त्री सर्वांसाठी पाण्याचे टाके खोदून देत होती, त्याच भूमीत पुढे चाळीस रुपयांचे पाणी विकत घेण्याची पाळी आपल्यावर आली. मधल्या काळात काय झाले, हा प्रश्न मुलांनी स्वतः विचारला पाहिजे. तो विचारला जावा यासाठीच शिबीर आहे.

तळ्याचीही एक हकीकत आहे, ती मुलांना सांगितली पाहिजे. हे तळे निसर्गाने दिलेले नाही, ते धरण आहे. त्यात शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. या धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी नेण्याला मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ ला बऊर येथे द्रुतगती मार्गावर पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मेले, त्यात एक बाई होती. पाण्यासाठी माणसे मरतात, हे महाडपाशी संपलेले नाही. तेव्हा तिथल्या गावकऱ्यांशी आपल्या मुलांनी नम्रपणे वागावे. त्यांच्यापैकी कोणी आपल्या जमिनीवर राहुट्या लावून पोट भरत असेल, तर त्यालाच भाडे देणे मला जास्त योग्य वाटते.

कोणी सुचवले की दरवर्षी भाडे भरण्यापेक्षा वर्गणी काढून तिकडे जागाच विकत घेऊ. विचार मोठा आहे, पण परवडणारा नाही. जागा घेतली की कुंपण आले, राखणदार आला, कर आला, अतिक्रमणाची भीती आली. आणि वापर किती? वर्षातून तीन दिवस. भाड्याने घेतले तर तीन दिवसांचेच पैसे. शिवाय भाडे मोजून घेतलेल्या जागेत कोणाचा उपकार नसतो, आपण ताठ मानेने राहतो.

पण ताठ मानेला अजून धक्के बसतात, हेही लपवत नाही. चौकशी करताना एका ठिकाणी तारखा रिकाम्या आहेत म्हणाले. मी कार्यक्रमाचे स्वरूप सांगितले, विहाराचे नाव सांगितले. मग आवाज बदलला. ‘बघून कळवतो’ म्हणाले, आणि कळवले नाही. दुसऱ्याने मात्र नाव ऐकून सांगितले, ‘या की, तुमची माणसं दारू पीत नाहीत, आम्हालाही बरं.’ दोन्ही प्रकारची माणसे जगात आहेत. पहिल्यासाठी कायदा आहे, नागरी हक्क संरक्षणाचा १९५५ चा, आणि अत्याचार प्रतिबंधाचा १९८९ चा. पण कायद्याला पुरावा लागतो. म्हणून माझे सांगणे असे की, यापुढे समितीने जागेची मागणी विहाराच्या नावाच्या कागदावर लेखी करावी आणि उत्तरही लेखी मागावे.

आता व्यवहाराचे मुद्दे. अशा जागांचे भाडे बहुधा माणशी असते. शनिवार-रविवारी आणि नाताळात ते चढते, मधल्या वारी उतरते. म्हणून दिवाळीच्या सुट्टीतले मधले वार धरावे. भाड्यात जेवण, चहा, अंथरूण काय काय येते ते लिहून घ्यावे. अनामत कधी परत मिळणार तेही लिहून घ्यावे. पैसे भरण्याआधी समितीच्या दोघांनी, त्यांत एक भगिनी असावी, जागा डोळ्यांनी पाहून यावी. मुलींसाठी वेगळी राहण्याची सोय आणि आतून कडी लागणारे संडास-मोरी आहेत का? रात्री दिवे असतात का? पिण्याचे पाणी कुठून येते? जवळचा दवाखाना किती दूर आहे? हे पाहिल्याशिवाय एक रुपया देऊ नये.

शेजारच्या राहुट्यांत सुट्टीच्या दिवशी कर्णे लागतात, दारू चालते. आपल्या तीन दिवसांत आपल्या आवारात तसे काही होणार नाही, अशी अट मालकाशी आधीच ठरवावी. पंचशील घेऊन जाणाऱ्या मुलांना पाचवे शील तिथे मोडलेले दिसता कामा नये.

मुलींबद्दल आयांना काळजी वाटते, ती रास्त आहे. म्हणून दहा मुलींमागे एक वडीलधारी बाई असावी, आणि ती आपल्याच वस्तीतली असावी. पण काळजीपोटी मुलींना घरी ठेवू नका. शिबिरातून मुली वगळल्या तर ते शिबीर बाबासाहेबांचे राहणार नाही. आणि स्वयंपाकाची भांडी घासायला मुलीच लागतील असेही धरू नका. पाळ्या लावू, मुलेही घासतील.

सर्वांत मोठी काळजी पाण्याची. पवनेच्या जलाशयात पर्यटक बुडाल्याच्या बातम्या वारंवार येतात. तळाशी गाळ असतो, काठापासून चार पावलांवर अचानक खोल लागते. आपल्या मुलांपैकी पोहता येणारी किती? फार थोडी. यात त्यांचा दोष नाही. ज्यांच्या आजा-पणज्यांना तळ्याच्या पायरीवर उभे राहू दिले नाही, त्यांच्या घरात पोहणे शिकवणार कोण? तेव्हा नियम एकच, जलाशयात कोणीही उतरायचे नाही. पोहता येणाऱ्यानेसुद्धा नाही, पाय भिजवायलाही नाही. मोजणी सकाळी, दुपारी, संध्याकाळी. आणि शिबिरानंतर मुलांना नगरपालिकेच्या तलावात रीतसर पोहायला शिकवण्याची सोय समितीने करावी, हीही माझी सूचना आहे.

कार्यक्रम असा ठेवता येईल. पहाटे वंदना आणि थोडा वेळ आनापान. पहिल्या दिवशी लोणावळ्याहून लोकलने मळवलीला उतरून भाजे लेणे पाहायचे आणि मग मुक्कामाला जायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी बेडसे, दुपारी घटनेचे वाचन, संध्याकाळी मुलांचे प्रश्न. शिष्यवृत्तीचे अर्ज, स्पर्धा परीक्षा, नोकरी, मोबाइल, घरातली दारू, काहीही विचारू द्यावे. मोठ्यांनी तिथे भाषण करू नये, मीसुद्धा करणार नाही! तिसऱ्या दिवशी परतताना देहूरोडला थांबायचे. तिथे बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ ला बुद्धमूर्तीची स्थापना केली. मनुस्मृतीचे दहन झाले तीच तारीख. त्यामागचा अर्थ मुलांकडूनच काढून घ्यावा.

पैशाबाबत शेवटचे. अनाथपिंडिकाने जेतवन मिळवण्यासाठी जमिनीवर नाणी अंथरली, अशी कथा आपण वर्षावासात ऐकतो. संघाला बसायला शांत जागा हवी, म्हणून त्या गृहस्थाने धन मोजले. आपण नाणी अंथरू शकत नाही. पण एक घर एका मुलाचा खर्च उचलेल, ज्याला ते झेपत नाही ते घर तांदूळ देईल, आणि ज्याच्याकडे तेही नाही त्याचा मुलगा सर्वांत आधी यादीत लिहिला जाईल. पैशाअभावी एकही मूल मागे राहता कामा नये. गच्चीची दुरुस्तीही करू. त्यासाठी मी माझ्या वाट्याचे श्रमदान आजच जाहीर करतो. पण गच्चीखाली बसायला उद्या कोणी यावे, असे वाटत असेल तर आधी ही मुले जोडा.

नावनोंदणीची वही आज विहाराच्या दारापाशी ठेवली आहे. घरी जाण्यापूर्वी मुलामुलींची नावे लिहून जा.

नमो बुद्धाय! जयभीम!