दुर्बीण घेताना पट्टी जवळ ठेवा

आज कर्जाचा हप्ता नाही, लोणच्याचं लेबल नाही. आज दुर्बिणीबद्दल बोलायचं आहे. हसू नका. आमच्या प्रभागातल्या एका गटाचे अठराशे रुपये दुर्बिणीत बुडाले, आणि त्या खरेदीला होकार देणारी मीच होते.

हा गट खाडीत होडी चालवतो, पाहुण्यांना कांदळवन दाखवतो. वल्ही बायकांच्या हातात, पण पक्षी दाखवायला बाहेरचा एक मुलगा यायचा. गळ्यात दुर्बीण, आणि फेरीच्या पैशात त्याचा वाटा मोठा. आमच्या काकी म्हणायच्या, खंड्या कुठे बसतो ते मला जन्मापासून ठाऊक, पण पाहुण्याला दाखवू कशाने? म्हणून मासिक सभेत ठराव झाला की आपली दुर्बीण घ्यायची.

जत्रेत एक मिळाली. खोक्यावर मोठ्या आकड्यात लिहिलेलं, ३०×६०. मुलाची होती ८×४२. आम्ही सरळ हिशोब केला, आठापेक्षा तीस मोठे. पहिल्याच फेरीत पाहुणीने दोन मिनिटांत ती परत दिली. काकींनी डोळ्याला लावली आणि म्हणाल्या, "माका दोन-दोन पक्षी दिसतत गो!" सगळ्या हसल्या. काकी हसल्या नाहीत. त्यांना वाटलं, आपल्याच डोळ्यांत दोष आहे. मला आजही त्याचंच वाईट वाटतं, पैशापेक्षा जास्त.

मग ते आकडे समजून घेतले. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते. दुसरा म्हणजे पुढच्या काचेची रुंदी, मिलिमीटरमध्ये. आठ बाय बेचाळीस म्हणजे आठ पट मोठं, आणि पुढची काच ४२ मिलिमीटर, सव्वाचार सेंटिमीटरच्या आत. गटातल्या शिवणकामवालीने टेप काढून आमच्या जत्रेतल्या दुर्बिणीची काच मोजली. ६० लिहिलेली काच ३० सुद्धा भरली नाही. खोक्यावर काहीही छापता येतं, बायांनो. टेप खोटं बोलत नाही.

जास्त पट म्हणजे चांगलं, हेही खरं नाही. दुर्बीण पक्षी मोठा करते तसा हाताचा थरकापही मोठा करते. जमिनीवर उभं राहून दहा पट कशीबशी जमते, बारा-पंधराच्या पुढे तिवई लागते. डुलत्या होडीत आठच बरी. शिवाय पट कमी असली की एका नजरेत जास्त जागा दिसते, पक्षी लवकर सापडतो.

उजेडाचं गणित मला फार आवडलं. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. ४२ भागिले ८, म्हणजे साधारण सव्वापाच. तेवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा ठिपका डोळ्यात येतो. १०×२५ च्या छोट्या दुर्बिणीत तो अडीचच. भर दुपारी फरक कळत नाही, पण पक्षी तर पहाटे आणि संध्याकाळी बाहेर पडतात. अंधूक उजेडात डोळ्याची बाहुली मोठी होते, तेव्हा अडीचच्या ठिपक्यात सगळं काळपट दिसतं.

बऱ्याच खोक्यांवर बंदूकवाला आणि हरीण असतं. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि ते बरंच आहे. पण जिथे परवान्याने शिकार चालते, तिथले शिकारी दुर्बीण कशी वापरतात ते शिकण्यासारखं आहे. ते पहाटे एका जागी बसतात, कोपरं गुडघ्यांवर टेकवतात आणि समोरचा डोंगर पट्ट्यापट्ट्याने न्याहाळतात. भराभर फिरवत नाहीत. आम्ही तसंच करतो. होडी थांबवायची, कोपरं बरगड्यांना लावायची, कांदळवनाची कड डावीकडून उजवीकडे बघत जायची. शेण सारवताना जशी एक पट्टी संपवून दुसरी घेतो, अगदी तसं. आणि पक्षी नुसत्या डोळ्यांनी दिसला तर नजर न हलवता दुर्बीण वर आणायची. मान खाली घातली की तो हरवलाच.

दुसरी दुर्बीण घ्यायला आम्ही पाच जणी दुकानात गेलो, चष्म्यासकट. ८×४२, साडेनऊ हजार, ग्रामसंघाकडून कर्ज. दुकानदाराला बाहेर रस्त्यावर न्यायला लावलं. समोरच्या विजेच्या तारेकडे बघितलं. तार एकच दिसली पाहिजे. दोन दिसल्या, किंवा डोळ्यांवर ताण आला, की परत द्यायची. काच माणकासारखी लालभडक चमकत असेल तर ती शोभेची. चांगल्या काचेवर हिरवट किंवा जांभळट झाक असते. खाऱ्या हवेसाठी आत नायट्रोजन भरलेली, पाणी न शिरणारी मागा, नाहीतर आत दव धरतं आणि पावसाळ्यात बुरशी येते.

चष्म्याचं नीट ऐका. लांबचा नंबर असेल तर चष्मा लावूनच बघा, आणि डोळ्याकडची रबरी कडी खाली करा. नुसती चाळिशी असेल तर चष्मा काढा. आधी दुर्बीण मधून वाकवून दोन गोलांचा एक गोल करा. मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. नंतर डावा मिटून उजव्या बाजूची कडी फिरवा. ती कडी प्रत्येकीची वेगळ्या खुणेवर येते, ती खूण लक्षात ठेवायची. काकींची येते शून्याच्या दोन रेघा पुढे.

पदराने काच पुसू नका! मिठाचे कण ओरखडे काढतात. आधी फुंकणीने हवा मारा, मग मऊ कापड. घरी आल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. आणि सूर्याकडे कधीही नाही, क्षणभरही नाही. होडीत मुलं असतील तर हे आधी सांगायचं.

तो मुलगा अजून येतो, पण मोठा गट असेल तेव्हाच. गेल्या थंडीत काकींनी उंच झाडावरचं समुद्र गरुडाचं घरटं पाहुण्यांना दाखवलं. पिल्लू मान वर काढून बसलं होतं. पाहुण्यांनी विचारलं, तुम्ही कुठे शिकलात? काकी म्हणाल्या, होडीत.

येत्या मंगळवारी ग्रामसंघाच्या सभेला मी ती दुर्बीण आणते आहे. जत्रेतलीही आणते, दोन्ही डोळ्याला लावून बघा. आपापले चष्मे विसरू नका.