पाणी घालून की डाळ घालून?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)





शिक्षकाने मेळाव्यात अभ्यासावर बोलावे, शिस्तीवर बोलावे, फार तर परीक्षेच्या निकालावर बोलावे, अशी प्रथा आहे. मी आज आपल्या चुलीवर आणि पातेल्यावर बोलणार आहे. हा विषय मास्तरांचा नव्हे, असे कोणाला वाटेल. पण सकाळच्या शाळेत तिसऱ्या तासाला कोणत्याही वर्गात येऊन बसा. पहिल्या तासाला हात वर करणारी मुले त्या वेळी बाकावर डोके टेकून बसलेली दिसतील. प्रश्न विचारला तर उत्तर येत असूनही उठण्याचा कंटाळा करतील. प्रार्थनेच्या वेळी एखादी मुलगी चक्कर येऊन खाली बसते, हे दृश्य तर प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. "सकाळी काय खाल्लेस?" असे विचारले की उत्तर बहुधा ठरलेले असते : चहा आणि बटर, चहा आणि खारी, नाही तर नुसता चहा. तेव्हा फळा आणि पातेले यांचे नाते आहे. आणि म्हणून हा विषय माझाही आहे.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी मिळवणारा एक आणि खाणारी तोंडे सहा-सात, असा हिशेब असतो. महिन्याची वीस तारीख उलटली की घरातील बाईची खरी परीक्षा सुरू होते. आहे तेवढ्यात सर्वांचे पोट भरायचे, पाहुणा आला तर त्याच्यापुढेही ताट ठेवायचे आणि कोणाला कळूही द्यायचे नाही. ही विद्या कोणत्याही विद्यापीठात शिकवीत नाहीत. ती आपल्या आया-बहिणींना येते, याबद्दल त्यांच्यापुढे मान लववावी तेवढी थोडीच.

परंतु अन्न पुरवठ्याला आणण्याच्या दोन रीती आहेत, आणि त्यांतला फरक समजून घेणे जरुरीचे आहे. एक रीत पाणी घालण्याची. दुसरी डाळ घालण्याची. दोन्ही रीतींनी पातेले भरलेले दिसते, पोटही तात्पुरते भरते. पण एकीने मूल वाढते, दुसरीने वाढत नाही.

हे साध्या गणिताने पाहू. सहा माणसांच्या घरी दीडशे ग्रॅम तूरडाळ शिजवली, तर माणशी पंचवीस ग्रॅम डाळ येते. शंभर ग्रॅम तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साडेपाच ग्रॅम. आता दोन माणसे वाढली म्हणून आपण पातेल्यात तांब्याभर पाणी ओतले. आमटी वाढली, डाळ मात्र दीडशे ग्रॅमच राहिली. पूर्वी साडेपाच ग्रॅम मिळत होते, आता चारच मिळतील. उरलेली भूक मग भातावर भागते. शंभर ग्रॅम तांदळात प्रथिने सात-आठ ग्रॅम, म्हणजे डाळीच्या एकतृतीयांश. दहा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ३२ ग्रॅम प्रथिने लागतात, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकात दिले आहे. भाताने पोट भरते हे खरे. पण शरीर बांधायला लागणारा माल त्यात थोडा असतो.

याच ठिकाणी ओतलेल्या तांब्याऐवजी एक मूठ मसूर टाकली असती आणि फोडभर दुधी किंवा तांबडा भोपळा चिरून घातला असता, तर आमटी वाढलीही असती आणि तिचा कसही राहिला असता. डाळ-भाताच्या जोडीचे आणखी एक मर्म आहे. तांदूळ आणि गहू यांच्या प्रथिनांत जो घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. आणि डाळीत जो कमी, तो धान्यात असतो. दोघे एका ताटात आले की एकमेकांची उणीव भरून काढतात. आपल्या आजीने शास्त्र वाचले नव्हते, पण खिचडी तिनेच आपल्याला दिली.

मटणाच्या बाबतीतही आपल्या घरांत ही शहाणी रीत आहेच. घाटावरच्या आणि मराठवाड्यातील घरांतून डालचा होतो. त्यात गोश्त थोडे, हरभऱ्याची डाळ आणि दुधी भरपूर. काही जण याला लग्नाच्या जेवणाचा प्रकार समजतात, काही जण काटकसरीचा. मी त्याला हिशेबाचा समजतो. पाव किलो मटणात, हाड मुळीच नाही असे धरले तरी, पन्नासेक ग्रॅम प्रथिने मिळतील. पाव किलो हरभरा डाळीत तेवढीच, किंबहुना काकणभर जास्तच मिळतात; आणि किमतीतला फरक मी सांगायला नको. म्हणून अर्धा किलो मटणाचा पातळ रस्सा करण्याऐवजी पाव किलो मटण आणि पाव किलो डाळ यांचा डालचा केला, तर खर्च उतरतो, सहा माणसे पोटभर जेवतात आणि ताकद कमी होत नाही. खिचड्याचेही तेच. गहू, तीन-चार डाळी आणि थोडे गोश्त यांत अख्खे घर जेवते.

आपल्या कोकणात तर स्वस्त आणि कसदार जिनसांची वाण नाही. पावसाळ्यापूर्वी बेगमी करताना सुकट, जवळा आणि कुळीथ भरून ठेवण्याची आपली जुनी चाल आहे. मूठभर जवळा कांद्यावर परतला की चार भाकऱ्या सहज उठतात. कुळथाची पिठी दहा मिनिटांत होते. कुळीथ शिजवल्यावर राहणारे कळण फेकून न देता त्याला फोडणी दिली की वेगळी आमटी करावी लागत नाही. नाचणीचे तर काय सांगावे! शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. शंभर ग्रॅम गाईच्या दुधात सुमारे १२० असते. ज्या घरी मुलांना रोज पेलाभर दूध देणे परवडत नाही, त्या घरी तांदळाच्या पिठात नाचणीचे पीठ मिसळून भाकरी करणे नक्की परवडते. परसातील शेवग्याचा पाला आपण शेळीला घालतो. तो डाळीत घालावा. त्यात लोह आणि कॅल्शियम दोन्ही आहेत, आणि त्याला पैसा पडत नाही.

आणखी काही गोष्टी माता-भगिनींनी ध्यानात ठेवाव्यात. मटकी, चवळी, हरभरे रात्री भिजत घातले तर लवकर शिजतात आणि गॅस वाचतो. मोड आणले तर वाटीभर मटकीची अडीच-तीन वाट्या होते आणि त्यात 'क' जीवनसत्त्वही तयार होते. चिंच, आमसूल किंवा टोमॅटो डाळ शिजल्यानंतरच घालावे. आंबटाने डाळ शिजायला वेळ लागतो. सोयाबीनच्या वड्या भिजवल्या की फुगून दुपटीहून जास्त होतात. त्या बारीक करून खिम्यात निम्म्याला निम्म्या मिसळल्या, तर मुलांना ओळखूही येत नाहीत. जेवणात लिंबाची फोड असू द्यावी, कारण तिच्यामुळे डाळीतील आणि पाल्यातील लोह अंगी लागते. चहाचे नेमके उलट आहे. जेवणाबरोबर घेतलेला चहा लोह अंगी लागू देत नाही. तो जेवणानंतर तासाभराने घ्यावा. लहान मुलांना तर देऊच नये.

आता रेशनबद्दल दोन शब्द. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिन्याला पाच किलो धान्याचा हक्क आहे, आणि २०२३ च्या जानेवारीपासून ते मोफत मिळते. पाच किलो म्हणजे रोजचे सुमारे १६५ ग्रॅम. ही मोठीच मदत आहे. पण त्या कायद्याच्या हक्कात धान्य आहे, डाळ नाही. तेव्हा धान्यावर जो पैसा वाचतो, तो कोठे जातो याकडे घरातील पुरुषांनी लक्ष द्यावे, अशी माझी नम्र विनंती आहे. बहुतेक घरांत बाजार पुरुष करतात. वाचलेला पैसा शेव-फरसाण, बिस्किटे आणि थंड पेयाच्या बाटल्यांत गेला, तर सरकारने दिलेले एका हाताने घेऊन दुसऱ्या हाताने सांडल्यासारखे आहे. तो डाळीत, शेंगदाण्यात आणि अंड्यांत गेला पाहिजे. डाळ किती असावी याचे माप शाळेच्या पोषण आहारातच सापडते. सहावी ते आठवीच्या मुलाला एका जेवणाला १५० ग्रॅम धान्य आणि ३० ग्रॅम डाळ, असे ते प्रमाण आहे. पाचास एक. घरातही निदान एवढे तरी पाळावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक गृहपाठ देतो. दुकानातून बिस्किटाचा लहान पुडा आणा आणि त्यावर छापलेले वजन पाहा. त्या पैशात फुटाणे किती येतात आणि शेंगदाणे किती येतात, ते दुकानदाराला विचारा. मग त्रैराशिक मांडा. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. बिस्किटाच्या पुड्यावर त्याचा आकडा छापलेलाच असतो. उत्तर तुम्हीच काढा आणि घरी वडिलांना दाखवा. मधल्या सुट्टीत मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा खाणारा मुलगा गरीब दिसेल, अशी लाज बाळगू नका. तिसऱ्या तासाला तोच ताठ बसलेला असेल.

महाराष्ट्राने अन्नाची टंचाई पाहिलेली आहे. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली आणि रेशनवर परदेशी लाल मिलो आली. तिच्या भाकरीची चव वडीलधारी माणसे अजून सांगतात. त्या दिवसांत पोट कशाने तरी भरणे हाच मोठा प्रश्न होता. आज निदान धान्यासाठी आपल्याला तसे तोंड वेंगाडावे लागत नाही. आजचा प्रश्न वेगळा आहे : पोट भरलेले असून मूल अशक्त का?

आणि ते मूल बहुधा मुलगी असते. आज मला सर्वांत महत्त्वाचे सांगायचे आहे ते हेच. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातील १५ ते १९ वर्षांच्या दर शंभर मुलींपैकी ५९ मुलींच्या अंगात रक्त कमी आढळले. असे का होते? एक कारण आपल्या ताटांतच आहे. आपल्या घरांत पातेले आधी वडिलांपुढे जाते, मग मुलांपुढे, मग आई आणि मुली बसतात. तोवर तळाची डाळ संपलेली असते आणि वरचे पाणी उरलेले असते. गोश्ताच्या रश्श्यात बटाटा उरलेला असतो. म्हणजे अन्न पुरवठ्याला येते ते खरे तर डाळीनेही नव्हे, पाण्यानेही नव्हे. ते आईच्या आणि मुलीच्या वाट्यातून येते. ही काटकसर नव्हे, हा अन्याय आहे, मग तो कितीही प्रेमाने आणि न बोलता होत असो.

शास्त्र तर उलटेच सांगते. वर सांगितलेल्या कोष्टकाप्रमाणे दहा ते बारा वर्षांच्या मुलीला मुलापेक्षा ग्रॅमभर जास्तच प्रथिने लागतात. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलाला दिवसाला २२ मिलिग्रॅम लोह लागते, तर मुलीला ३०. ज्या मुलीला आपण डॉक्टर, शिक्षिका करू पाहतो, जिच्या फीसाठी ही संस्था दारोदार फिरून वर्गणी गोळा करते, तिच्या ताटात तळाची डाळ पडत नसेल, तर आपली अर्धी वर्गणी वाया गेली म्हणायची.

म्हणून आपल्याला फार काही सांगत नाही. तीनच गोष्टी मागतो. पहिली, पातेले वाढवायचे असेल तर पाण्याआधी डाळीच्या डब्याकडे हात जाऊ द्या. दुसरी, कोणतेही मूल नुसत्या चहावर शाळेत पाठवू नका. रात्रीची अर्धी भाकरी आणि चमचाभर शेंगदाण्याची चटणी असली तरी चालेल. तिसरी, वाढताना पळी तळापर्यंत घालून ढवळा आणि सर्वांना सारखे वाढा. जमल्यास सर्वांनी एकत्रच बसा. तिसऱ्या गोष्टीला एक पैसाही लागत नाही. तरी तीच सर्वांत अवघड आहे, हे मला माहीत आहे. पण ज्या समाजाने मुलींसाठी शाळेचे दार उघडले, त्याला पातेल्याच्या तळापर्यंत पळी नेणे अशक्य नाही.