दंतसंशोधनाचा खर्च कोणी सोसावा?



संशोधनाचा खर्च कोण सोसतो, यावर कोणता प्रश्न हाती घेतला जाणार हे बहुधा ठरत असते. अमेरिकेतील दंतवैद्यकाचा इतिहास या बाबतीत उद्बोधक आहे.

१९०१ साली फ्रेडरिक मॅके या तरुण दंतवैद्याला कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील लोकांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले. त्यांचे कारण शोधण्यात कोणाचाच नफा नव्हता. मॅके यांनी व्यवसाय सांभाळून तपास चालू ठेवला. पुढे दंतवैद्यांच्या राष्ट्रीय संघटनेने सभासदांकडून देणग्या जमवून संशोधनाला हात घातला. १९१९ मध्ये विल्यम गाइज यांनी संशोधनपत्रिका काढली, तर १९२० मध्ये त्यांच्याच पुढाकाराने संशोधकांची संघटना उभी राहिली. एका पेशाने स्वतःच्या खिशातून विज्ञानाचा पाया घातला, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

परंतु वर्गणीची धाव मर्यादित असते. डागांचे मूळ पाण्यातील फ्लोराइडमध्ये आहे, हे १९३१ साली उमगले ते एका ॲल्युमिनियम कंपनीच्या प्रयोगशाळेत. आपल्या भांड्यांवर ठपका येऊ नये, ही तिची चिंता होती. गावोगावचे पाणी नि मुलांचे दात तपासून फ्लोराइडचे हितकर प्रमाण कोणते व अपायकारक कोणते, हे निश्चित केले ते ट्रेंडली डीन या सरकारी आरोग्यसेवेतील दंतवैद्याने. १९४८ मध्ये राष्ट्रीय दंतसंशोधन संस्था स्थापन झाली, तीही सार्वजनिक पैशावर.

यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांतही पाण्यातील जादा फ्लोराइडने मुलांचे दात डागाळतात. तेथील शेतमजूर वर्गणी कोठून काढणार? कंपनीच्या लेखी तो ग्राहकही नव्हे. म्हणून या संशोधनाची व पाणीतपासणीची तरतूद शासनाच्या अंदाजपत्रकातच व्हावी, असा आग्रह आपण धरला पाहिजे.